मॅचिंग ग्रँट आणि विसावा भाग



ऑक्टोबर उजाडला की आपल्यापैकी अनेकांच्या ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये एक पत्र येतं. कंपनीची वार्षिक दान-मोहीम सुरू झाली आहे, आवडीची संस्था निवडा, तुम्ही जेवढे डॉलर द्याल तेवढेच कंपनीही घालेल, स्वयंसेवेसाठीची भरपगारी रजा शिल्लक असेल तर ती वापरा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारपर्यंत, म्हणजे 'गिव्हिंग ट्यूसडे'पर्यंत, अशी स्मरणपत्रं येत राहतात. नेमके हेच दिवस आपल्याकडे वर्षावासाच्या समाप्तीचे, चीवरदानाचे आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे. एकाच महिन्यात विहारातही दानाविषयी ऐकायचं आणि ऑफिसातही. त्यामुळे दरवर्षी कोणीतरी विचारतंच: कंपनीमार्फत दिलेलं हे दान धम्माच्या अर्थाने दान आहे का?

आपल्या मंडळींत यावर दोन मतं ऐकू येतात. एक गट म्हणतो, हा सगळा कंपनीच्या जाहिरातीचा आणि कर वाचवण्याचा खेळ आहे, त्यात धम्म शोधू नका. दुसरा गट निश्चिंत असतो. पगारातून दरमहा काही रक्कम आपोआप कापली जाते, वर्षातून एका शनिवारी कंपनीचा टी-शर्ट घालून फूड बँकेत तीन तास डबे भरले, म्हणजे आपला वाटा उचलला. मला दोन्ही मतं पटत नाहीत. त्यातही दुसऱ्याची मला जास्त काळजी वाटते, कारण पहिला गट निदान प्रश्न तरी विचारतो.

ही पद्धत नवी नाही. कर्मचाऱ्याच्या देणगीला कंपनीने जोड देण्याची सुरुवात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये केली, तीही कर्मचाऱ्यांनी आपापल्या कॉलेजांना दिलेल्या देणग्यांपुरती. मायक्रोसॉफ्टचा उपक्रम १९८३ पासून चालू आहे. सेल्सफोर्सने १९९९ मध्ये स्थापनेपासूनच एक टक्का समभाग, एक टक्का उत्पादन आणि एक टक्का वेळ समाजासाठी असं सूत्र ठरवलं. काही कंपन्या तर तुम्ही स्वयंसेवा केलेल्या प्रत्येक तासामागे ठरावीक रक्कम त्या संस्थेला देतात. हा पैसा खरा आहे आणि त्याने खरी पोटं भरतात. तो नाकारण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

मग त्यात चेतना कोणाची, हा प्रश्न उरतो. बुद्धांनी कर्माचं मूळ चेतनेत सांगितलं, म्हणून आपण लगेच हेतू शुद्ध की अशुद्ध या वादात पडतो. पण अंगुत्तर निकायात दान देण्याच्या आठ कारणांची एक यादी आहे, ती वाचली की मन थोडं सैल होतं. कोणी आवेगाने देतो, कोणी भीतीने, कोणी 'याने मला दिलं होतं' म्हणून, कोणी 'हा पुढे मला देईल' म्हणून, कोणी दान चांगलं असतं म्हणून, कोणी 'मी शिजवतो, हे शिजवत नाहीत, मग यांना न देणं बरं नाही' म्हणून, कोणी नाव व्हावं म्हणून, आणि कोणी आपलं चित्त संस्कारित व्हावं म्हणून. आमच्या कंपनीची पूर्ण मोहीम या यादीत बसते. बॉसने पत्र पाठवलंय म्हणून देणारा भीतीच्या खान्यात, 'आमच्या टीमचा सहभाग शंभर टक्के' असा फलक लावणारा नावाच्या खान्यात. मला यादीतली सगळ्यात साधी नोंद आवडते, शिजवणाऱ्याची. तिच्यात ना पुण्याचा हिशेब आहे, ना स्वतःकडे पाहणं. माझ्या घरी चूल पेटली, समोरच्याच्या घरी नाही, एवढंच.

म्हणजे हेतू मिसळलेला आहे म्हणून दान टाकून द्यायचं नाही, पण तो कोणत्या पायरीवरचा आहे हे स्वतःला माहीत असावं. त्याच निकायात सत्पुरुषाच्या दानाची लक्षणंही सांगितली आहेत: आदराने देणं, स्वतःच्या हाताने देणं, टाकाऊ वस्तू न देणं, योग्य वेळी देणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा न करता देणं. यातलं 'स्वतःच्या हाताने' हे लक्षण पगारातून आपोआप होणाऱ्या कपातीला नीट लागू पडत नाही. एकदा जानेवारीत आकडा भरला की डिसेंबरपर्यंत आपल्याला आठवतही नाही की आपण काही देतो आहोत. संस्थेला पैसे मिळतात, तिचं काम अडत नाही. पण देण्यापूर्वी, देताना आणि दिल्यानंतर मन प्रसन्न असणं, ज्याला आपण दानाचा अभ्यास म्हणतो, तो तिथे होत नाही. पेरोलची कपात सोयीची आहे, ती ठेवावी. मात्र तिच्या जोडीला एखादी गोष्ट अशी द्यावी की जिच्यासाठी हात खिशात घालावा लागेल.

आता जोडीच्या पैशाविषयी. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात धम्मकार्यासाठी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग द्यायचा निश्चय करावा, असं सांगितलं. समजा एखाद्याची वार्षिक मिळकत १,२०,००० डॉलर आहे. त्याचा विसावा भाग ६,००० डॉलर. तो पोर्टलवर ३,००० भरतो, कंपनी ३,००० घालते, आणि पावतीवर ६,००० दिसतात. झाला का विसावा भाग पूर्ण? माझ्या मते नाही. कंपनीने दिलेले तीन हजार त्याच्या मिळकतीतून गेलेले नाहीत, ते कंपनीच्या ताळेबंदातून गेले. ते मिळवून देण्यासाठी त्याने अर्ज भरला, पावती चढवली, दोनदा आठवण केली. हे चांगलं काम आहे, पण ते वाटप आहे, त्याग नव्हे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी दान पारमितेचा जो अर्थ सांगितला आहे, त्यात परतफेडीची अपेक्षा न ठेवता स्वतःचं देणं आहे. त्यामुळे वह्या दोन ठेवाव्यात, एक आपल्या विसाव्या भागाची, दुसरी मिळवून दिलेल्या रकमेची. दुसरी वही जितकी जाड तितकं चांगलं, पण तिची पानं फाडून पहिलीत चिकटवू नयेत. (विसावा भाग करापूर्वीच्या मिळकतीचा की करानंतरच्या, यावर आमच्याकडे दरवर्षी चर्चा होते. ज्याला यावर अर्धा तास बोलायला वेळ आहे, त्याने करापूर्वीचा धरावा.)

याहून मोठा प्रश्न असा की, कोणाला द्यायचं हे ठरवतं कोण? पोर्टलवर संस्था दिसायला तिला अमेरिकन कर कायद्याच्या ५०१ (सी) (३) कलमाखाली मान्यता हवी. हे रास्त आहे, नाहीतर उद्या कोणीही पावतीपुस्तक छापेल. बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत केवळ उपासनेसाठीची देणगी बसत नाही. त्याच विहाराने सर्वांसाठी अन्नछत्र चालवलं तर बसते. तेही समजण्यासारखं आहे. पण पैसा भारतात पाठवायचा म्हटलं की रस्ता फार अरुंद होतो. तिथल्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला ती रक्कम पुढे देणं बंद झालं. यवतमाळ किंवा हिंगोलीतल्या एखाद्या वस्तीत विहाराच्या एका खोलीत अभ्यासिका चालवणारे चार तरुण हे कागद कुठून आणणार? त्यामुळे कंपनीचा पैसा ज्यांच्याकडे आधीच हिशेबनीस, वकील आणि इंग्रजी अहवाल आहेत, त्यांच्याकडेच वळतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. पाणी उताराकडे वाहतं, तसं हे आहे. पण उतार कोणत्या बाजूला आहे हे आपण तरी पाहावं, कारण आपली माणसं बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला असतात.

इथे मला बाबासाहेबांचं १९३२ च्या नोव्हेंबरमधलं पत्र आठवतं. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून त्यांनी ठक्करबाप्पांना ते लिहिलं. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी संघ स्थापन झाला होता, तोच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला. बाबासाहेबांनी त्यात दोन दृष्टिकोन वेगळे केले. एक म्हणतो, माणूस त्याच्या वागण्यामुळे मागे पडला आहे, म्हणून त्याला दारू सोडायला लावा, शाळा द्या, वाचनालय द्या. दुसरा म्हणतो, त्याच्या भोवतालची परिस्थिती त्याला उठू देत नाही, ती बदला. बाबासाहेबांचा आग्रह दुसऱ्यासाठी होता: पाणवठा, शाळा, चावडी इथे हक्क मिळावेत, रोजगाराची दारं उघडावीत. पुढे १९४५ मधल्या पुस्तकात त्यांनी त्या संघाच्या कारभारात अस्पृश्यांनाच स्थान का नाही, हेही विचारलं. आजच्या कंपनीची दान-समिती आणि तो संघ एकच आहेत असं मी म्हणत नाही. प्रश्न मात्र तोच लागू आहे. ज्यांच्यासाठी पैसा चालला आहे, त्यांच्यातलं कोणी निर्णयाच्या टेबलावर बसलं आहे का? अनेक कंपन्यांत अशी समिती कर्मचाऱ्यांचीच असते आणि तिच्यात जागा रिकाम्या असतात, कारण कामाच्या वेळात आणखी एक मीटिंग कोणाला हवी असते? आपल्यातल्या एखाद्याने ती जागा घेतली, तर तीन तास डबे भरण्यापेक्षा मला ते मोलाचं वाटेल.

जाता जाता एक गोष्ट, जी आपल्या माणसांच्या नजरेतून सुटू नये. सिगालोवाद सुत्तात मालकाची सेवकांप्रति पाच कर्तव्यं सांगितली आहेत. झेपेल एवढंच काम देणं, अन्न आणि वेतन देणं, आजारपणात काळजी घेणं, चांगलंचुंगलं वाटून खाणं आणि वेळेवर सुट्टी देणं. बाहेरच्या दानाचा त्यात उल्लेखच नाही. ज्या इमारतीत आपण दान-मोहिमेचे केक खातो, ती रात्री झाडणारी, तिथली स्वच्छतागृहं धुणारी माणसं बहुधा कंत्राटदाराची असतात. त्यांना भरपगारी स्वयंसेवा-रजा नसते, आजारपणाची रजाही जेमतेम. पोर्टलवर त्यांचं नाव नसतं. ज्यांच्या आजीने गावात झाडलोट केली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. समितीत बसणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारायला हरकत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे लिहायला बसलो, तो. आपल्या असोसिएशनमधल्या एका तरुणीने विचारलं होतं: "सर, पोर्टलवर मी डॉ. आंबेडकरांचं नाव असलेली संस्था निवडली तर माझ्या टीमला कळेल का?" तिच्या टीममध्ये नऊ जण, त्यांतले सहा भारतातले. तिचं आडनाव असं की त्यावरून काही ठरवता येत नाही, आणि आजवर तिने ते ठरू दिलेलं नाही. दोन-तीन जणांनी तिला तिथल्या तिथे उपदेश केला की जय भीम म्हणायला लाज कसली. मला तो उपदेश आवडला नाही.

कारण तिची भीती काल्पनिक नाही. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिलिकॉन व्हॅलीतल्या एका मोठ्या कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला, तो आपण सर्वांनी वाचला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी केली. इथे जातिभेद नसता तर असा कायदा करायची वेळच आली नसती. ती एच-वन-बी व्हिसावर आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला, व्हिसा बदलायला किंवा देश सोडायला साठ दिवसांपर्यंतच मुदत मिळते. तिचं मूल्यमापन जो करतो, त्याच्या मनात काय आहे हे तिला माहीत नाही. पोर्टलवर देणगीदाराचं नाव सहसा लपवता येतं, पण सहकाऱ्यांना आवाहन करणारं पान उघडलं की नाव दिसतंच. साध्या देणगीच्या एका क्लिकमध्ये, कोणी न विचारता, तिने जन्मभर सांभाळलेली गोष्ट उघडी पडू शकते. दुसऱ्या कोणत्या कर्मचाऱ्याला दान देण्यापूर्वी असा विचार करावा लागतो?

सत्पुरुषाच्या दानाचं ते शेवटचं लक्षण, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा न करता देणं, इथे मला मार्गदर्शक वाटतं. तिने नाव न दाखवता द्यावं. त्यात खोटं बोलणं नाही, चौथ्या शीलाचा भंग नाही. किंवा पोर्टल सोडून थेट द्यावं, भले कंपनीची जोड बुडाली तरी. दानासाठी कोणी आपली उपजीविका पणाला लावावी, अशी अपेक्षा धम्म करत नाही. पण मग उघडपणे कोणीच देऊ नये का? द्यावं, आणि ते ज्याला परवडतं त्याने. ज्याच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे, जो वीस वर्षं एका क्षेत्रात टिकला आहे, ज्याच्या हाताखाली माणसं काम करतात, त्याने आपल्या नावाने, आपल्या फोटोसह, बाबासाहेबांच्या नावाच्या संस्थेसाठी आवाहन करावं. १४ एप्रिलला ऑफिसात एक व्याख्यान ठेवावं. म्हणजे त्या तरुणीला कळेल की या मजल्यावर आपण एकटे नाही. आणि पुढच्या वर्षी तिने नाव दाखवलं तर तिचं, नाही दाखवलं तरी तिचं. धैर्याची मागणी सर्वांकडे सारखी करणं म्हणजे समता, असं काही जण समजतात. मला वाटतं, ज्याच्याकडे जास्त संरक्षण आहे त्याच्यावर जास्त भार, हा हिशेब अधिक न्याय्य आहे. हे लिहिताना माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या पदावरच्या धम्मबांधवांची नावं मनात येत आहेत. ती मी इथे लिहीत नाही, ज्याची त्याला कळतील.

कंपनीच्या पत्रांत नेहमी 'गिव्ह बॅक' हा शब्द असतो. परत द्या. कोणाला, आणि कोणाकडून घेतलेलं, हे त्यात कधी लिहिलेलं नसतं. हाच शब्द आपण फार आधीपासून वापरतो, पण आपल्याकडे त्याला पत्ता आहे. पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कांशीराम, डी. के. खापर्डे, दीनाभाना या मंडळींनी उभी केलेली बामसेफ ६ डिसेंबर १९७८ रोजी रीतसर स्थापन झाली, ती याच 'पे बॅक'च्या विचारावर. नोकरीला लागलेल्या माणसाने आपली बुद्धी, पैसा आणि वेळ समाजाला परत द्यायचा. ते सगळे कर्मचारीच होते, आणि त्यांच्या मागे कोणती कंपनी जोड घालत नव्हती. त्यांच्या पुढच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. पण कर्मचाऱ्याचं दान म्हणजे मालकाच्या औदार्याचा एक भाग नसून समाजाच्या कर्जाची फेड आहे, ही मांडणी त्यांनी स्पष्ट केली. आपल्यापैकी किती जण १९४४ पासून चालत आलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकले? किती जण मिलिंदच्या किंवा सिद्धार्थच्या वसतिगृहांत राहिले, किंवा आपले वडील राहिले? ते कर्ज कोणत्याही पोर्टलवर नोंदवता येत नाही.

आणि त्या कर्जाची फेडही बऱ्याचदा नोंदवता येत नाही. कंपनी तासांमागे पैसे देते, पण ते तास मान्यताप्राप्त संस्थेतले असावे लागतात. रविवारी रात्री नांदेडच्या एखाद्या मुलीचा राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवर दोन तास बसून दुरुस्त केला, तिच्या निबंधातली तीच ती वाक्यं काढली, विद्यापीठाच्या पत्राचा अर्थ तिच्या वडिलांना मराठीत सांगितला, तर हे तास कुठेच मोजले जात नाहीत. त्या शिष्यवृत्तीच्या जागा वर्षाला पंचाहत्तर. अर्ज नीट भरला नाही म्हणून एक जागा गेली, तर तिच्या घरातली एक पिढी मागे राहते. माझा अनुभव असा की, जे मोजलं जातं त्याकडे माणूस आपोआप सरकतो. आपण इंजिनिअर मंडळी तर जास्तच. डॅशबोर्डवर हिरवी पट्टी पुढे सरकली की समाधान होतं. म्हणून या न मोजलेल्या तासांना मुद्दाम जागा ठेवावी लागते.

व्यवहाराचं थोडं. कंपनीच्या जोड-रकमेची मागणी करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी वर्षअखेरीला किंवा नव्या वर्षाच्या पहिल्या काही आठवड्यांत संपते. आपापल्या कंपनीचा नियम पाहून घ्यावा. आपल्या असोसिएशनचा करनोंदणी क्रमांक कोषाध्यक्षांकडे मिळेल. नाव न दाखवता द्यायचं असेल तर कोणता पर्याय निवडायचा हे माहीत असलेले दोघे-तिघे आपल्यात आहेत, ते फोनवर मदत करतील आणि कोणाला विचारणार नाहीत की का लपवता. अर्ज तपासण्यासाठी रविवारचे दोन तास देऊ शकणाऱ्यांनी नावं कळवावीत. सध्या विद्यार्थी अकरा आणि तपासणारे चार आहेत.